सर्वकालमित्र

रत्नागिरी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

चित्र झालं एकदाचं. दादा वेंगुर्ल्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते.

बाबा, विषय तुमच्या आवडीचा, शूद्रकाचं संस्कृत नाटक मृच्छकटिक. पण देवलांच्या मराठी संगीत नाटकातली पदं गुणगुणत नायिकेला, वसंतसेनेला शोधाल तर ती यात नाही. मी नववा अंक काढलाय, न्यायसभेचा. नायक चारुदत्तावर तिच्या खुनाचा आळ. त्याचा मित्र मैत्रेय तावातावाने आळ घेणाऱ्या शकाराच्या अंगावर धावतो आणि झटापटीत मैत्रेयाच्याच काखेतून तिचे दागिने खाली पडतात. मित्राला वाचवायला आला आणि पुरावा देऊन बसला! माझ्या चित्रात सगळी सभा दागिन्यांकडे बघतेय, चारुदत्त एकटा मैत्रेयाकडे. ही नजर शूद्रकाची नाही, माझ्या पदरची.

मैत्रेय कोण, हे आईला बघताक्षणी कळेल. खांद्यावर पंचा, कपाळाला आठी, रागाने पुढे आलेला खालचा ओठ. तुम्ही जामीन राहिलात आणि बागेवर बोजा चढला, तेव्हा आपल्या ओटीवरची माणसं कशी पांगली ते मी पाहिलंय. आबाकाका तेवढे रोज यायचे. "तुका कोणी सांगलेला जामीन रवाक?" म्हणून तासभर तोंड सोडायचे आणि जाताना बांगडा मासळीची पिशवी आईच्या हातात देऊन चालू पडायचे. पहिल्या अंकात चारुदत्त 'सर्वकालमित्र' म्हणतो, तो मैत्रेयही असाच कुरकुऱ्या. एवढी पूजा करून देव पावत नाहीत तर पूजता कशाला, असं तोंडावर विचारतो. मूळ नाटकात चारुदत्त संस्कृत बोलतो, हा प्राकृत. तुमची प्रमाण मराठी आणि काकांची मालवणी!

आता कामाचं. चित्र ओटीवर लावू नका, खारी हवा आणि पावसाची झड लागेल. माजघरात लावा. चौकटीमागे बुचाचे तुकडे चिकटवलेत ते काढू नका. भिंतीची ओल कॅनव्हासला लागू नये, मागून वारा खेळावा म्हणून आहेत. आई, ओल्या फडक्याने पुसायचं नाही हं. ऑइलचा थर जाड आहे, आतून सुकायला महिने जातील.

आबाकाकांना आधी काही सांगू नका, नुसतं चहाला बोलवा. शिव्या घालतील, घालू देत. काय काय म्हणाले ते मात्र शब्दन् शब्द कळवा, आणि ते आईनेच कळवावं. बाबा निम्मं गाळतात.

गुडघ्याचं तेल दादाजवळ दिलंय.

तुमची,
बायो