बाटलीतल्या ऑर्किडसाठी एक पान लिहून द्या

मा. केंद्रीय कृषिमंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईजवळ माझं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे. त्यात मी डेंड्रोबियम ऑर्किड लावतो. गेल्या मे महिन्यात थायलंडहून रोपांच्या ४० बाटल्या मागवल्या. २००३ च्या वनस्पती विलग्नवास (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे आयात परवाना आधीच काढला होता, रोपं कीड-रोगमुक्त असल्याचं तिकडचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रही सोबत होतं. तरी खेप तपासणीत अकरा दिवस अडकली. विचारणा एकच, ‘साइट्सचा परवाना कुठे आहे?’

साइट्स हा दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. भारत त्यात १९७६ पासून आहे आणि ऑर्किडचं अख्खं कुळ त्याच्या यादीत आहे. पण त्याच यादीला टीप आहे: परिशिष्ट २ (परवान्यावर व्यापार चालतो अशा जीवांची यादी) मधल्या ऑर्किडची रोपं प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवलेली असतील आणि निर्जंतुक भांड्यातून आणली असतील, तर त्यांना हा करार लागू नाही. माझी संकरित डेंड्रोबियम त्यातच बसतात. ती टीप छापून मी दाखवली. ‘तो विषय पर्यावरण मंत्रालयाचा,’ असं उत्तर मिळालं.

साहेब, ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, पोटात अन्नसाठा नाही. रानात बुरशीचा आधार मिळाला तरच ते उगवतं. बाटलीत त्याला साखर घातलेल्या जेलीवर वाढवावं लागतं. मेथीच्या कोंबाएवढी ती रोपं मेच्या उन्हाळ्यात गोदामात अकरा दिवस कशी टिकणार? १७ बाटल्या काळ्या पडल्या. फूल यायला पुढे दोन-तीन वर्षं लागतात, म्हणजे तेवढा हंगामही गेला.

तपासणी नको, असं मी म्हणत नाही. परदेशी गव्हासोबत आलं असं म्हणतात, ते गाजरगवत आमच्या बांधावर आजही उपटतो आहोत. दोन बाटल्या फोडून बघा, माझी हरकत नाही. बाकीच्या थंड जागी ठेवा, एवढंच.

विलग्नवास तुमच्याकडे, साइट्स पर्यावरण मंत्रालयाकडे. दोन्हींचे नियम बाटलीबंद ऑर्किडसाठी एकत्र, मराठीत, एका पानावर लिहून द्या. कोणत्या जातीला सूट नाही, तेही त्यात येऊ द्या. ते पान बंदरावर, विमानतळावर आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात लावा. आम्हाला विचारायला परभणी जवळ, मुंबई लांब.

पुढची खेप मी फेब्रुवारीत मागवतो आहे. त्याआधी हे झालं तर बरं होईल.

आपला,
अंबाजोगाई (जि. बीड) येथील एक फूलउत्पादक शेतकरी