तीसच्या रस्त्यावर सदतीस

रेडिंग, इंग्लंड,
रविवार रात्र

प्रिय नान्या,

परवा फोनवर मी तुझी भरपूर टर उडवली. एक्स्प्रेसवेवर एका महिन्यात चार चलनं म्हणजे तू त्या कॅमेऱ्यांना पोटाशीच धरलंयस, वगैरे. फोन ठेवल्यावर सुषमाने एवढंच विचारलं, "आणि स्वतःचं सांगितलंस त्याला?" नाही सांगितलं. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येमध्ये बोलला असतास, म्हणून हे पत्र.

यंदाच्या गणपतीतली गोष्ट. आमच्या मंडळाचा कार्यक्रम शनिवारी होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. आरती अकराला आणि मखर माझ्या गॅरेजमध्ये. सुषमा मोदक घेऊन सकाळीच मैत्रिणीच्या गाडीतून पुढे गेलेली. मखर काही केल्या गाडीत जाईना. शेवटी मागची सीट पाडून तिरकं घातलं, तरी कमानीचं टोक मागच्या काचेला टेकलंच. निघायला पावणेअकरा. ग्रुपवर "मखर कुठाय?" "मखर निघालं का?" असे मेसेज टिंगटिंग वाजतायत. रस्ता ऐसपैस, जायला दोन लेन, यायला दोन, मध्ये दुभाजक आणि शनिवारची सकाळ म्हणून चिटपाखरू नाही. मी पाय दिला.

नऊ दिवसांनी पाकीट आलं, आणि आलं ते सुषमाच्या नावाने. गाडी तिच्या नावावर आहे ना! तिने जेवणाच्या टेबलावर उघडलं, वाचलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "पाप तुझं आणि नोटीस माझ्या नावाची." ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३७, तारीख, वेळ, रस्ता, सगळं होतं. इथे कायदा असा की गाडी ज्याच्या नावावर त्याला गुन्ह्यापासून १४ दिवसांत नोटीस पोचली पाहिजे, आणि त्याने २८ दिवसांत कळवायचं की तेव्हा चाकामागे कोण होतं. गप्प बसायची सोय नाही. वेग जास्त असल्याचे लायसन्सवर ३ पॉइंट (हे गुन्ह्याचे गुण, साठत गेले की लायसन्स जातं), पण कोण चालवत होतं हे न सांगितल्याचे ६! म्हणजे चोरीपेक्षा मौन महाग.

मंडळातल्या एका शहाण्याने कानात सांगितलं, "वहिनींचं लायसन्स कोरं आहे ना? त्यांचंच नाव टाक." नान्या, हे ऐकून सुषमा जी काही हसली! तिने त्याला तिथेच ख्रिस ह्यून सांगितला. इथला मंत्री होता. २००३ मध्ये कॅमेऱ्यात सापडला आणि पॉइंट बायकोने, व्हिकी प्राइसने, स्वतःच्या नावावर घेतले. पुढे त्याने संसार मोडला आणि ही गोष्ट बाहेर आली. २०१३ मध्ये न्यायाच्या कामात खोडा घातल्याबद्दल दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. सुषमा म्हणाली, "तीन पॉइंटांसाठी मी तुरुंगात जाणार नाही. आणि तू सोडून गेलास तर मी पण बोलेनच." तिने फॉर्मवर माझं नाव लिहिलं आणि मग दुसरं पाकीट माझ्या नावाने आलं.

मी फोटोही मागवला. उगाच. वाटलं, चुकून दुसऱ्याची गाडी निघाली तर? गाडी माझीच, पाठमोरी. आणि मागच्या काचेतून मखराची सोनेरी कमान अशी डौलात उभी, की बाप्पाच हात वर करून "हो, हाच" म्हणतोय.

पुढे तीन वाटा असतात. १०० पाऊंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, नाहीतर कोर्टात जाऊन भांडायचं, नाहीतर वेगाबद्दल शिकवणारा कोर्स. कोर्स सगळ्यांना मिळत नाही. ३० च्या रस्त्यावर ३५ ते ४२ मध्ये सापडलास तर देतात, आणि गेल्या तीन वर्षांत एकदा केलेला असेल तर नाही. तो केला की पॉइंट नाहीत, इन्शुरन्सवाल्यांसमोर गुन्ह्याची नोंद नाही. पैसे मात्र भरावेच लागतात, मला नव्वदच्या घरात पडले. दंडाएवढेच पैसे देऊन वर पावणेतीन तासांचं प्रवचन ऐकायचं, असा हिशोब मी मांडला होता. कारण मनात हेच होतं, की तीस वर्षं गाडी हाणतोय, एक ओरखडा नाही, हे मला काय शिकवणार! आठवतं ना, सांगलीला आरटीओत आठाचा आकडा काढून दाखवल्यावर साहेब काय म्हणाला होता? "लायसन्स मिळालं, आता गाडी शिका." ते शिकायचं राहूनच गेलं होतं बहुतेक.

कोर्स ऑनलाइन होता. आधी लायसन्स कॅमेऱ्यासमोर धरायचं, मग शेवटपर्यंत कॅमेरा चालू, उठायचं नाही. आम्ही नऊजण. त्यातला एक बहाद्दर पार्क केलेल्या व्हॅनमध्येच बसून आला होता, त्याला शिकवणाऱ्या बाईंनी गोड बोलून बाहेर काढलं आणि दुसरी तारीख घ्यायला सांगितली. राहिलो आठ. बाई पन्नाशीच्या, आवाज आपल्या मराठीच्या बाईंसारखा, रागावत नाहीत पण सुटकाही नाही. त्यांनी एकेकाला विचारलं, कुठे, किती वेगाने आणि का.

ही कारणं ऐकण्यासारखी होती. एक नर्स, रात्रपाळी संपवून घरी निघालेली. एक आजोबा, म्हणे मागचा ट्रक अंगावर येत होता. एक पोरगा, "उतार होता." तिघांना तो रस्ता ४० चा वाटला होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, धार्मिक कार्यक्रम होता. बाईंनी विचारलं, "वेळेवर पोचलात?" मी म्हणालो, पोचलो. "आणि कार्यक्रम वेळेवर सुरू झाला?"

आता तूच सांग, काय सांगू? अकराची आरती पावणेबाराला लागली. मृदंगवाले यायचे होते.

मग त्यांनी कागद-पेन घ्यायला लावलं. तो रस्ता साधारण दोन मैलांचा. ३० ने चार मिनिटं, ३७ ने सव्वातीन मिनिटं. वाचले पंचेचाळीस सेकंद. मी त्या कागदाकडे बघत बसलो. पंचेचाळीस सेकंदांत मखराची दोरीसुद्धा सुटली नव्हती.

दुसरा प्रश्न त्यांनी टाकला, रस्त्यावर पाटी नसेल तर वेग किती, हे कशावरून ओळखाल? कोणी म्हणालं रुंदीवरून, कोणी म्हणालं दुभाजकावरून. उत्तर आहे दिव्यांचे खांब. इंग्लंडात खांब असतील आणि दुसरा आकडा लावलेला नसेल तर ३०, मग रस्ता दुभाजकाचा असो नाहीतर गल्लीतला. आणि अशा रस्त्यावर पुन्हा पुन्हा ३० च्या पाट्या लावतच नाहीत, खांब हीच पाटी. (वेल्समध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून अशा रस्त्यांना २०.) इथली थिअरी परीक्षा देताना मी हे घोकलं होतं. एकोणीस वर्षांत मी विसरलो, आणि खांब रोज दिसत होते.

पण मला जे लागलं ते वेगळंच. थांबायच्या अंतराचं कोष्टक. ३० ला असाल तर मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ९ मीटर आणि ब्रेक लागून गाडी उभी राहीपर्यंत १४, एकूण २३. म्हणजे खेळपट्टीहून थोडं जास्त. तू बोलिंग टाकायचास तेव्हा मी ज्या अंतरावर घाबरून उभा असायचो ना, जवळपास तेवढं. ४० ला तेच ३६ मीटर. बाईंनी ३७ चं सांगितलं नाही. ते मी रात्री स्वतः काढलं, तू गणितात हुशार, तपासून बघ. साधारण साडेबत्तीस मीटर येतात. हे एक वेळ ठीक. पण ज्या जागी ३० वाली गाडी पूर्ण उभी राहिलेली असते, त्या जागी माझी अजून ताशी चोवीस-पंचवीस मैलांनी धावत असते. आपल्या हिशोबात ४० किलोमीटर. मी ते तीनदा काढलं. मला वाटत होतं सात मैलांचा फरक म्हणजे जिथे त्याचा वेग शून्य, तिथे माझा सात असेल. आणि तो रस्ता शाळेकडे जाणारा. शनिवार होता म्हणून चिटपाखरू नव्हतं, एवढंच.

सुषमा झोपली होती. तिला उठवून सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं.

जाता जाता एक गंमत. ज्या पिवळ्या डब्यांना इथे सगळे शिव्या घालतात ते गात्सो कॅमेरे एका डच रॅली ड्रायव्हरच्या नावाचे आहेत. मॉरिस गात्सोनिडेस. १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला गडी. वळणावर आपला वेग किती पडतो हे मोजून तो वाढवता यावा, म्हणून त्याने ते यंत्र केलं होतं. स्वतः जोरात जाण्यासाठी!

आता कामाचं. तुझ्या मुक्ताने बर्मिंगहॅमला एवढ्यातच टेस्ट पास केली ना? तिला माझ्याकडून नीट सांग. इथे बारा पॉइंटांवर लायसन्स जातं हे तिला कोणीही सांगेल, पण पहिल्या दोन वर्षांत सहालाच जातं, आणि मग थिअरीपासून दोन्ही परीक्षा पुन्हा. म्हणजे ३-३ चे दोन फोटो, खेळ खलास. शिवाय नव्या ड्रायव्हरचा इन्शुरन्स आधीच रडवतो, त्यात पॉइंट आले तर गाडीच्या किमतीएवढा हप्ता व्हायचा. घर बदललं की लायसन्सवर आणि गाडीच्या कागदावर पत्ता लगेच बदल म्हणावं. नोटीस जुन्या घरी पडून राहिली तर ते निस्तरताना नाकीनऊ येतात. आणि एक साधा उपाय बाईंनी सांगितला तो मला लागू पडलाय. ३० च्या रस्त्यावर तिसरा गिअर. गाडी जरा कुरकुरते, आणि वेग वाढला की कानाला लगेच कळतं.

डिसेंबरात आम्ही येतोय, तिकिटं काढली. मुंबईला घ्यायला तू येणारच म्हणतोस, ये. पण एक्स्प्रेसवेवर सुषमाला पुढे बसवणार आहोत असं तिनेच जाहीर केलंय. हल्ली इथे ती शाळेच्या त्या रस्त्याला लागलो की नुसतं "खांब" म्हणते. तुला शंभराच्या वर काय म्हणेल ते तू आणि ती बघून घ्या, मी मागे झोपणार.

चलनं भरून टाक रे. लोकअदालतीची वाट बघत बसू नकोस.

तुझा,
दिल्या