ठकी खडकीकर जुगारी नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत ऑनलाईन खेळांवर पानभर मजकूर आला. रमी, फँटसी क्रिकेट, त्यापायी काढलेली कर्जं, सगळं वाचलं. पटलंही. आमच्याच इमारतीत एका मुलानं आईच्या पाटल्या मोडून पैसे लावले होते, ते घर मी जवळून पाहिलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा मला तर बरंच वाटलं. पण त्याच पानाच्या शेवटच्या रकान्यात लेखकानं परदेशी लीगमध्ये काल्पनिक खेळाडू घेऊन बसणाऱ्यांनाही त्याच गोणीत कोंबलं आणि गोणीचं तोंड बांधून टाकलं. मी दोन वर्षं बर्फावरच्या हॉकीच्या एका लीगमध्ये अशीच ठकी खडकीकर नावाची खेळाडू घेऊन बसलेली बाई आहे. सोमवारी सकाळी शेजारच्या वहिनी ते कात्रण हातात घेऊन दारात. "काकू, तुमचं आलंय हो पेपरात." तेव्हापासून सोसायटीत मी 'जुगारवाल्या काकू' झाले आहे. म्हणून हे पत्र.

माझं वय 63. टेलिफोन खात्यातून जानेवारी 2020 ला स्वेच्छानिवृत्ती घेतली. नोकरी लागली होती ती हॉकीच्या जोरावर. मी लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे. कॉलेजच्या संघात आणि पुढे खात्याच्या संघात. त्यापलीकडे मजल गेली नाही, आणि जाणारही नव्हती, कारण त्या काळात पुण्यात एलिझा नेल्सन आणि रेखा मुंडफन होत्या. 1980 ला मॉस्कोच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदा खेळली गेली, आपला संघ चौथा आला, त्यात या दोघी होत्या. 1982 ला दिल्लीच्या एशियाडमध्ये एलिझाच्या कप्तानीखाली सुवर्णपदक मिळालं. आम्ही बाकीच्या त्यांना बघून खेळणाऱ्या. हे सांगते ते एवढ्यासाठी, की हॉकी म्हणजे काय हे मला स्क्रीनवर पहिल्यांदा कळलेलं नाही.

2023 च्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात वॉकर, खिडकीत पाऊस. कॅनडातल्या एडमंटनचा माझा भाचा रोज फोन करायचा. एक दिवस म्हणाला, "मावशी, बसल्या बसल्या हॉकी खेळतेस का? बर्फावरची." त्याच्याशी मी नीट बोलले नाही. कॅनडाचा आणि माझा हिशेब 1976 पासून बाकी आहे. मॉन्ट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि आपण सातवे आलो, हे मी शाळेत असताना रेडिओवर ऐकलं होतं. पण भाचा चिकट. त्यानं दुव्यावर नाव नोंदवूनच फोन ठेवला.

आता हा प्रकार काय असतो, ते लेखकमहाशयांसाठी सांगते. तुम्ही एक खेळाडू तयार करता. नाव, उंची, वजन, जागा. त्याला थोडे गुण मिळतात, ते तुम्ही वेग, ताकद, अंदाज, चकती (बर्फावर चेंडूच्या जागी ती असते) हिसकावणं, फटका अंगावर घेणं अशा वीसेक रकान्यांत वाटायचे. संघ असतात, त्यांचे व्यवस्थापक असतात, तेही तुमच्याआमच्यासारखे हौशी. सामने 'फ्रँचायझी हॉकी मॅनेजर' नावाच्या संगणकी खेळात चालवले जातात. हाताने कोणी काही खेळत नाही. तुमचा खेळाडू त्या यंत्रात सोडायचा आणि बघत बसायचं. हंगाम साधारण दोन महिन्यांचा. खेळाडूचं तिकडे एक वर्ष सरतं, तुमचे दोन महिने.

पहिल्याच अर्जावर मी अडले. प्रश्न होता, डावरा की उजवा? अहो, आपल्या हॉकीत डावी स्टिक नसतेच. सपाट बाजू एकीकडेच, आणि डावखुऱ्या मुलीलाही तीच घ्यावी लागते. तिकडे स्टिकचं पातं दोन्ही तऱ्हेचं मिळतं. मी 'उजवा' लिहिलं आणि जागा लिहिली डाव्या बाजूचा बचाव. व्यवस्थापक म्हणजे फिनलंडमधला एक बावीस वर्षांचा मुलगा. त्यानं नम्रपणे विचारलं, उजव्या हाताचा खेळाडू डाव्या बाजूला का? त्या बाजूच्या कठड्यालगत सगळी चकती उलट्या पात्यावर येईल. मी उत्तर लिहिलं, की लेफ्ट हाफचं आयुष्य उलट्या स्टिकवरच जातं, आम्हाला सवय आहे. त्याला ते एवढं आवडलं की त्यानं जागा बदलली नाही.

नाव ठेवलं ठकी खडकीकर. माझ्या आजीनं मला लाकडाची ठकी दिली होती, रंग उडालेली, ती अजून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे. आणि खडकी तर घरच. धनराज पिल्लेचं गाव. तिकडचे लोक तिला 'थॅकी' म्हणायचे. मराठी येणारा एकच, माझा भाचा, तो हरलो की मुद्दाम 'थकी' म्हणायचा.

ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीनं खेळाडूंची नावं पुकारायची. आधी ज्युनियर लीगचा, मग मोठ्या लीगचा. मोठ्या लीगच्या ड्राफ्टला मी पहाटे चारला उठून बसले. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. ठकीचं नाव पाचव्या फेरीत आलं. त्या वेळी मला आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या भिंतीवरची यादी आठवली. तीही अशीच वरून खाली वाचायची, शेवटच्या दोन ओळींपर्यंत धीर धरून.

आता पैशाचं. दोन वर्षांत मी एक रुपया भरला नाही आणि मला एक रुपया मिळाला नाही. ठकीला सुधारायची तर गुण लागतात, आणि गुण मिळतात ते काम करून. दर आठवड्याला सरावाची नोंद, पुढच्या सामन्यांचे अंदाज, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लिखाण. खेळाडूबद्दल, संघाबद्दल, लीगबद्दल लेख लिहायचा. शब्दांच्या हिशेबानं तिकडचे खोटे डॉलर मिळतात आणि त्या खोट्या डॉलरांत ठकीचा प्रशिक्षक येतो. खालचे गुण स्वस्त, वरचे महाग. चौदावरून पंधरावर जायला जे लागतं त्यात खाली दोन रकाने भरून निघतात. जुगारात माणूस खिशातलं लावतो. मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत चाळीस लेख लिहिले. माझं इंग्रजी टेलिफोन ऑपरेटरचं, 'नंबर प्लीज' आणि 'होल्ड द लाइन'च्या पलीकडे फारसं न गेलेलं. शब्दकोश घेऊन बसायचे.

ठकी खडकीत जन्मलेली असल्यामुळे ती बर्फावर चालायला कुठे शिकली, हा प्रश्न आलाच. मी लिहिलं, रसवंतीवाल्याकडे बर्फाची लादी यायची, भुशात बसवलेली, वर गोणपाट. लादी उतरवताना ती हातगाडीवरून निसटली आणि उतारावर घसरत निघाली, वर ठकी. पुढे मुळेच्या काठापर्यंत. एका माणसानं गंभीरपणे विचारलं की भुशानं स्केट्सची धार जात नाही का. त्याला काय सांगणार!

नशिबाचा भाग त्यात आहे, हे मी नाकारत नाही. तेच दोन संघ यंत्रात दहा वेळा घातले तर दहा निकाल येतील. सहाव्या हंगामात अंतिम फेरीचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना. तिकडची रात्र म्हणजे आमची सकाळी साडेसहाची वेळ. मी कुकर लावून फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभी. दोन-दोन बरोबरी, शेवटची चार मिनिटं, आणि ठकीनं कुणाला तरी स्टिकनं अडकवलं. दोन मिनिटं बाहेर. बाहेर बसल्यावर तिच्या संघाचे चार आणि गोली, म्हणजे गोलरक्षक, समोरचे पाच आणि गोली. एक मिनिट दहा सेकंदांनी गोल. मी त्या यंत्राला मराठीत जे बोलले ते आपण छापणार नाही. अंतिम सामना आम्ही आणखी एकदा हरलो, नवव्या हंगामात, पण तो सरळ चार-एक, त्याचं दुःख नाही. चषक ठकीला मिळालाच नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर तिथे राहिले, ते सांगते. आपल्या हॉकीत गोल करणाऱ्याचं नाव लागतं. हाफनं मागून चेंडू काढून दिला, दोघींना चुकवून दिला, त्याची नोंद आमच्या वेळी कोणत्याही वहीत नव्हती. मी किती खेळले, कशी खेळले, याचा आज कागदोपत्री एकही पुरावा नाही. खात्याच्या एका जुन्या फोटोत मी मागच्या रांगेत आहे, तेवढंच. बर्फावरच्या हॉकीत गोलाआधी चकती शेवटी ज्या दोन सहकाऱ्यांच्या स्टिकवरून गेली, त्या दोघांचीही नावं गोलापुढे लागतात. साहाय्य म्हणून. ठकीनं मोठ्या लीगच्या बारा हंगामांत गोल केले 61. आणि साहाय्य 274. प्रत्येकाची तारीख आहे, मिनिट आहे, सेकंद आहे. मी रात्री ती यादी काढून बसायचे. नसलेल्या बाईनं नसलेल्या चकतीवर दिलेले 274 पास, सगळे लिहून ठेवलेले.

चकतीवरून आठवलं. ती रबराची, वजन 156 ते 170 ग्रॅम. आपला चेंडू 156 ते 163. म्हणजे हाताला भार जवळजवळ तोच. मी भाच्याकडून एक खरी चकती मागवून घेतली आणि स्वयंपाकघराच्या काट्यावर ठेवून पाहिली, 165 भरली. सामन्याआधी त्या गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाहीत. माझी फ्रीजरमध्ये मटारशेजारी आहे.

खेळाडू म्हातारा होतो, हेही त्या लीगचं एक चांगलं आहे. ठराविक हंगामांनंतर दर हंगामाअखेर कमावलेल्या गुणांतून टक्केवारीनं कपात होते, आणि दर वेळी जास्त. कशातून कापायचं ते तुम्ही ठरवायचं. मी वही घेऊन बसायचे. आधी वेग काढला. मग जोराचा फटका. ताकद काढताना दोन दिवस घेतले. अंदाजाला, म्हणजे चकती कुठे येणार हे आधी ओळखण्याला, मी शेवटपर्यंत हात लावला नाही. अकराव्या हंगामात ठकी मुंगीच्या पावलानं चालायची पण जागेवर असायची. फिनलंडच्या मुलानं तिला बचावाच्या पहिल्या जोडीतून तिसऱ्या जोडीत घातलं आणि मला वेगळा निरोप पाठवून सांगितलं, की तुम्हाला आधी सांगितल्याशिवाय यादी लावणार नव्हतो. 1987 मध्ये माझं संघातून नाव निघालं, तेव्हा मला ते पाटीवरच कळलं होतं.

बारावा हंगाम संपल्यावर ठकी निवृत्त झाली. शेवटच्या सामन्यात एक साहाय्य. ते मघाच्या आकड्यात धरलेलं आहे.

यात वेळ जातो हे खरं. आठवड्याचे चार तास तरी. माझ्या बहिणीचे मालिकांवर बारा जातात, तिच्यावर कोणी पानभर लिहिलेलं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की नव्या कायद्यानंच पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे काढले आहेत, ई-स्पोर्ट्स वेगळे आणि करमणुकीचे सामाजिक खेळ वेगळे. संसदेनं जो फरक केला तो आपल्या रकान्यानं पुसून टाकू नये. दोन ओळींचा खुलासा छापला तर मी कात्रण काढून जिन्यातल्या फळ्यावर लावीन. वहिनींची सही घेऊन.

आणि दुसरी विनंती, आता लिहितेच आहे तर. जून 2025 मध्ये अल ऐनच्या आशिया चषकात आपल्या मुलींनी बर्फावरच्या हॉकीत कांस्यपदक आणलं. बहुतेक मुली लडाखच्या. त्या दिवशी मला कॅनडा, स्वीडन, फिनलंडहून अभिनंदनाचे निरोप आले, जणू मीच गोठलेल्या तळ्यावर खेळून आले होते. आपल्या क्रीडापानावर मात्र ती बातमी तळाशी चार ओळींची होती. शालेय मुलींच्या हॉकीचे निकाल तर आपण 'विजयी' आणि 'पराभूत' एवढ्यात उरकता, फार झालं तर गोल करणारीचं नाव. पुढच्या वेळी वार्ताहराला एक विचारायला सांगा, चेंडू दिला कुणी? त्या मुलीचं नाव छापा. एका ओळीची जागा लागते.

आपली,
एक जुनी वाचक,
खडकी, पुणे 3

ता. क. – माझं नाव कृपया छापू नये. सोसायटीची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे आणि मी खजिनदारपदाला उभी आहे. ठकीच्या जागी नवा गोली केला आहे. नाव वरवंटा खडकीकर. ड्राफ्ट परवा पहाटे.