श्रीगोंद्याची लिंबं, मुलुंडचा ओव्हन

मुलुंड, मुंबई
ऑगस्ट

प्रिय बाळू,

गोणी पोचली. नेहरूनगरच्या डेपोतून रिक्षात घातली, तर रिक्षावाल्यानं वास घेऊन आधी स्वतःसाठी दोन मागून घेतली. लिंबं झकास आहेत, सालीला चकाकी आहे आणि एकही डागी नाही. ही कागदी लिंबातली साई शरबती जातच ना?

फोनवर म्हणालास, "या दिवसांत भाव तोडणीच्या मजुरीलाही पुरत नाही, वाशीच्या बाजारात पाठवून उपयोग काय?" आंबे बहाराचं, म्हणजे पावसाळ्यात येणाऱ्या या पिकाचं, हे दुखणं जुनंच. एप्रिलमध्ये ज्या लिंबासाठी इथे भाजीवाल्याशी हुज्जत घालतो, तेच लिंबू आता तो कोथिंबिरीबरोबर फुकट टाकतो. हिनं लोणचं घातलं, सरबताचा पाक करून ठेवला, आणि उरलेली मी ढापली. लिंबाच्या वड्या ओव्हनमध्ये होतात म्हटल्यावर तू जो हसलास, त्यासाठी हे पत्र. आता तुमच्याकडेही ओटीजी ओव्हन आलाय. वहिनींना कामाला लावू नकोस, तूच कर.

वडीला दोन थर. खालचा म्हणजे स्कॉटलंडचं शॉर्टब्रेड बिस्किट, पण तुला नानखटाई ठाऊक आहे म्हणजे निम्मं काम झालं. पिठीसाखर एक भाग, बटर दोन, मैदा तीन, सगळं वजनानं. आठ इंची चौकोनी डब्याला 60, 120 आणि 180 ग्रॅम. बटर बिनमिठाचं घे. अमूलचं नेहमीचं खारं असेल तर वरून मीठ घालू नकोस, एरवी चिमूटभर घाल. बटर फ्रिजमधून काढून लगेच तुकडे कर आणि मैदा-पिठीसाखरेत बोटांच्या टोकांनी चोळ. तळवा लावायचा नाही. मुंबईच्या दमट हवेत ते हातातच विरघळायला लागतं, तुमच्याकडे जरा दम धरेल. रव्यासारखं झालं आणि मुठीत दाबल्यावर मुटका वळला की मोहन बरोबर. पाण्याचा थेंब घालू नकोस. मैद्याच्या कणाकणाला स्निग्धांश लागला की त्याला चिवटपणा धरता येत नाही, सगळी खुसखुशी त्यातच आहे. पाणी घातलंस, मळलंस, की बसली पोळी.

डब्याला बटर पेपर लाव, कडा वर राहू देत, पुढे धरून उचलायला बऱ्या. मिश्रण वाटीच्या बुडानं दाबून बसव आणि 180 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाज. इथे भिऊन लवकर काढू नये. बहुतेकांचा तळ पांढराफटक राहतो, मग वरचा रस पिऊन लगदा होतो. कडा चांगल्या बदामी होऊ देत, घरभर भाजल्याचा वास सुटू दे.

तो भाजतोय तोवर वरचं. आधी चार-पाच लिंबांची साल बारीक किसणीवर हलकेच ओढ. कागदी लिंबाची साल नावाप्रमाणे पातळ, एकदाच फिरवायची आणि लिंबू वळवायचं. पांढरं लागलं की कडू. ती साल 200 ग्रॅम साखरेत बोटांनी चोळ, साखर ओलसर होते आणि असा काही वास सुटतो की शेजारचे बेल वाजवतात. मग तीन अंडी, 25 ग्रॅम मैदा आणि 100 मिली रस. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, ॲल्युमिनिअमला आंबट लागलं की चवीत धातू उतरतो. फेस काढायचा नाही, नुसतं एकजीव करायचं, कारण फेस वर येऊन पापुद्रा धरतो. गाळून घे आणि तळ गरम असतानाच ओत. आच 160 वर आणून वीस-पंचवीस मिनिटं. डबा हलवल्यावर कडा स्थिर आणि मधोमध थोडी थरथर दिसली की काढ. बाकीचं बाहेर आपोआप बसतं. पूर्ण घट्ट होईस्तोवर ठेवलंस तर अंड्याचा उग्र वास येईल आणि वर तडे जातील.

आता तुझ्या लिंबांबद्दल. क्रॉफर्ड मार्केटात परदेशी फळांच्या गाळ्यावर ती मोठी पिवळी लिंबं मिळतात, आणि बेकिंग करणारी मंडळी त्यांच्यासाठी भरमसाट पैसे मोजतात. मला ते पटत नाही. साल जाड आणि किसायला सोपी, हे कबूल. पण रसाला आपल्या कागदीचा कडक आंबटपणा कुठे? पिवळ्यासाठी लिहिलेलं रसाचं माप आपल्या लिंबाला जरा कमी करायचं, एवढंच. शिवाय अमेरिकेत फ्लोरिडाच्या 'कीज' बेटांवरच्या ज्या की लाइम पायचं एवढं कौतुक होतं, त्यातलं लिंबू हे आपलं कागदीच, जात तीच. तुझ्या बांधावर जे पडून सडतंय त्याच्यावर तिकडे आख्खी बेटं मिरवतात!

एक विनंती, साखर वाढवू नकोस. आमच्या सोसायटीत एकीनं दुप्पट साखर आणि वर पिवळा रंग घातला. दिसायला बर्फी, चवीला गोळी. आंबटानं डोळा मिटला पाहिजे, मग खालचा तळ येऊन सांभाळून घेतो. मजा त्या भांडणात आहे.

थंड झालं की फ्रिजमध्ये चार तास तरी ठेव. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दमात खाली दाबायची, करवतीसारखी नाही. वरची पिठीसाखर अगदी ताटात देताना भुरभुरव. या पावसात माझी तर बघता बघता विरघळते.

काकू अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी 400 ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि 100 मिली रस नुसता ढवळ. आंबटामुळे दुधातली प्रथिनं आळतात, ते डोळ्यांदेखत घट्ट होतं. गार तळावर ओतून रात्रभर फ्रिजमध्ये. अंड्याच्या वडीइतकी कापीव होत नाही, चमच्यानं खायला लागते, पण त्या दोनदा मागतील. मधुमेहाचं औषध चालू असेल तर मात्र तुकडा लहान दे, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

केल्यावर फोटो पाठव, कापलेल्या बाजूचा, वरून काढलेला नको. तळ बदामी आहे की पांढरा ते मला बघायचंय. आणि हस्त बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्यातल्या पिकासाठी, बाग ताणावर कधी सोडणार, पाणी कधी तोडणार ते कळव, चिरंजीवांना तेव्हा चार दिवस तिकडे पाठवायचा विचार आहे.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण.

तुझा,
नंदू