सेट गेलेला नाही, आणि शनिवारी कराडला जायचंय

आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलले असते, पण फोनवर बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू वाचून दाखवू नकोस, बाबांना स्वतःला वाचू दे, चष्मा लावून, सावकाश.

आधी गाडीचं, म्हणजे गाडीतल्या गाण्यांच्या सेटचा आवाज मधेच जातो त्याचं. सेट बिघडलेला नाही. त्या दुकानवाल्याने जो मोठ्या स्क्रीनचा बावीस हजारांचा सेट सुचवलाय तो घ्यायचा नाहीये, मी परवाच त्याला फोन करून नको म्हणून सांगून टाकलं. तुम्हाला न विचारता सांगितलं हे मला कळतंय, पण बाबा, पैशांचा प्रश्न नाहीये, नवा सेट बसवला असता तरी आवाज तसाच जात राहिला असता आणि मग तुम्हाला वाटलं असतं गाडीच म्हातारी झाली. २०२१ च्या पुरात पहाटे तुम्ही वेळेत वर चढवलीत म्हणून ती गाडी आज आपल्याकडे आहे, ती विकायची नाही हे मी दादालाही बजावलंय.

गणपतीत दुपारी तुम्ही दोघं झोपलात आणि मी गाडीत दोन तास बसून होते ते याचसाठी. रेडिओ, पेनड्राईव्ह, ब्लूटूथ तिन्ही लावून पाहिलं, तिन्हीवर आवाज जात होता, म्हणजे पेनड्राईव्हचा काही दोष नाही (तुम्ही उगाच नवीन आणलात). मग बॅलन्स (डावा-उजवा आवाज) पूर्ण डावीकडे आणि फेडर (पुढचा-मागचा आवाज) पूर्ण पुढे नेला, म्हणजे फक्त आईच्या बाजूच्या दारातला स्पीकर वाजतो. दार अर्धं उघडं असलं की अभंग चालू, लावलं की बंद. बिजागरीपाशी दारातून बॉडीत जाणारा तो काळा रबरी पाइप आहे ना, तो नुसता बोटांनी दाबला तरी आवाज येत-जात होता. स्पीकर काढून मल्टिमीटर लावला तर ३.६ ओहम, आकडा हलत नाही, म्हणजे स्पीकर ठणठणीत. त्याच स्पीकरच्या दोन वायरींची जोडी सेटच्या मागच्या सॉकेटमधून मोजली तर दार हलवलं की आकडा गायब. त्या रबराच्या आत वायर तुटलीय. इतकी वर्षं दार उघडतंय-मिटतंय, आतले तांब्याचे केस एकेक करून तुटत जातात आणि वरचं प्लॅस्टिक तसंच राहतं, म्हणून बघून कोणाला कळत नाही.

आणि मधेच सगळेच स्पीकर एकदम गप्प होतात ना, ज्यावरून दुकानवाला सेट गेला म्हणाला, त्याचं मूळही तिथेच. एके ठिकाणी प्लॅस्टिकही चिरलंय, तिथली उघडी तार पत्र्याला लागते. आपल्या सेटमधे स्पीकरची मायनस वायर म्हणजे अर्थिंग नाही, ती बॉडीला टेकली की सेट स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो. तो त्याचं काम नीट करतोय.

बाबा, हे मला कोणी शिकवलं? टेपरेकॉर्डर उघडून तुम्ही गॅलरीत बसायचात, मी टॉर्च धरायचे, हात दुखला तरी हलवायचा नाही. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना टेकवायचा, खर्र झालं की स्पीकर जिवंत. दुसरीत असताना तुम्ही तो सेल पहिल्यांदा माझ्या हातात दिलात. सोल्डरच्या धुराचा वास अजून कुठे आला की मला आपली गॅलरी आठवते आणि आई आतून ओरडतेय की पोरीच्या डोळ्यात जाईल. गणपतीतही मी मीटरच्या आधी सेलच लावून पाहिला.

आता जे लिहायला जड जातंय ते.

मी ती वायर तात्पुरती जोडली आणि दुसऱ्या दिवशी आपण कुंभार्ली घाटातून मामाकडे गेलो. त्या दिवशी आवाज एकदाही गेला नाही, मी मुद्दाम कान देऊन ऐकत होते. पण बाबा, तुम्ही तीन वेळा "गेला बघ परत" म्हणालात आणि तिन्ही वेळा बटणाकडे वाकलात, त्यातलं एक वळणावर. दोनदा हळू आवाजात बाई गात होत्या, एकदा बातम्या होत्या. आणि तुमच्या बाजूचा स्पीकर तर कधी बिघडलाच नव्हता. मी काही बोलले नाही. मागे बसलेल्या आईने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि तीही काही बोलली नाही.

म्हणून या शनिवारी साडेअकराला कराडमधे कानाच्या डॉक्टरांकडे नाव लावलंय. फी भरलीय, माझी रजा मंजूर झालीय. विचारलं असतं तर तुम्ही दिवाळीनंतर बघू म्हणाला असता, मागे डोळ्यांचंही तसंच केलंत. यात तुमचं काही चुकलेलं नाही हो, वयानुसार आधी बारीक, उंच आवाज कमी होतात, स, श, त असली अक्षरं पुसट होतात, गाणं मधेच तुटल्यासारखं वाटतं. कदाचित नुसता मळही असेल, तो काढला की झालं. सुई नाही, काही टोचणं नाही. शांत खोलीत कानाला हेडफोन लावतात, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, साधारण अर्ध्या तासाचं काम. कानाचं मशिन लागेलच असं नाही, आणि लागलं तर आपण तिघं मिळून ठरवू, मी एकटी ठरवणार नाही. मामाचं घर तिथून दहा मिनिटांवर आहे, जेवण तिथे, मामीला कमी तिखट सांगितलंय, तुमची दुपारची झोपही तिथेच होईल, आईची उशी मी आठवणीने गाडीत ठेवीन. संध्याकाळच्या चहाला घरी.

आता ऐका. तोवर कानात कोमट तेल घालायचं नाही, काडी घालायची नाही. घाटात गाडी न्यायची नाही, आणि आवाज गेला म्हणून दारावर बुक्की मारायची नाही. गुरुवारी वायरिंगवाला येईल, त्याने आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. नवीन वायर त्या रबरातून सलग न्यायची, मधे जोड नको, दार वळतं तिथे जोड टिकत नाही. जिथे जोड लागेल तिथे सोल्डर आणि वर स्लीव्ह (प्लॅस्टिकची नळी), नुसती टेप गुंडाळू द्यायची नाही, उन्हात गोंद सुटतो. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू देऊ नका, पुन्हा चिकटवून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी स्पीकरवर उतरतं. दाराच्या तळाची भोकंही चिखलाने बुजलीत, ती काडीने मोकळी करायला सांगा. बाबा, तुम्ही खुर्ची टाकून समोर बसा, खाली वाकायचं नाही, कंबर लक्षात आहे ना.

मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीने येतेय, जेवायला थांबू नका, दही-भात झाकून ठेव आई. शनिवारी गाडी मी चालवणार. बाबांनी बाजूला बसायचं, डाव्या स्पीकरपाशी.

बॅटरीची वायर काढायला दहाचा पाना देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलाय.

तुमची
छकुली