पैशावरची सेनाखासखेल ही अक्षरे

बडोदे

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीच्या फडताळात सापडलेल्या तांब्याच्या पैशाचा फोटो पाठवून, त्यावरचे 'सेनाखासखेल' हे आडनाव आहे काय, असे तू विचारलेस. आडनाव नव्हे, ती बडोद्याच्या गायकवाडांची पदवी, म्हणजे खास फौजेचा सरदार, आणि तिच्या पुढची 'समशेर बहादूर' ही दुसरी. घोड्याचा खूर आणि तलवार मधे ठेवून सयाजीराव महाराजांच्या नावासह या पदव्या कडेने फिरवल्या आहेत, ते भिंगातून पाहा.

यांतली समशेर बहादूर जुनी. 1720 साली बाळापूरच्या लढाईत सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या फौजेतले दमाजी गायकवाड शौर्याने लढले, म्हणून शाहू महाराजांनी त्यांना ती दिली. पुढे दमाजींचे पुतणे पिलाजी हे 1731 मध्ये डभोईला दाभाड्यांच्या बाजूने बाजीराव पेशव्यांविरुद्ध उभे राहिले. त्र्यंबकराव दाभाडे पडले, पिलाजी जखमी होऊन निसटले, आणि तरीही लढाईनंतरच्या तडजोडीत सेनाखासखेल ही पदवी हरलेल्या पिलाजींनाच मिळाली. सेनापतिपद दाभाड्यांच्या अल्पवयीन यशवंतरावांकडे राहिले, पण गुजरातचा कारभार पाहायला मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने काम पाहणारा, म्हणून पिलाजींवाचून दुसरा माणूस नव्हता. मला तर या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत नवलाची वाटते.

पदवी वंशपरंपरेची म्हणायची, पण ती बापाच्या मागे मुलाकडे आपोआप जात नसे. दर पिढीला नजराणा भरून नवी सनद आणावी लागे. 1768 मध्ये पिलाजींचे चिरंजीव दुसरे दमाजी वारले तेव्हा हे चांगलेच उघड झाले. त्यांच्या मुलांत पहिले सयाजीराव वयाने मोठे, तर गोविंदराव थोरल्या राणीचे. पेशव्यांनी आधी मोठ्या नजराण्याच्या कबुलीवर गोविंदरावांना सेनाखासखेल केले, आणि 1771 मध्ये तीच पदवी सयाजीरावांना देऊन कारभार त्यांचे भाऊ फत्तेसिंगराव यांच्याकडे सोपवला. भाऊबंदकी बडोद्याची आणि पैसा पुण्याचा, असा तो मामला होता. गोविंदरावांच्या हाती गादी यायला 1793 साल उजाडले.

इंग्रजांनी जुन्या पदव्यांना हात लावला नाही, आपली एक जोडली. कवळाण्याहून दत्तक आलेले तिसरे सयाजीराव तेरा वर्षांचे असताना, 1877 च्या दिल्ली दरबारात, त्यांना 'फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया', म्हणजे इंग्रजी सत्तेचे खास पुत्र, हा किताब मिळाला. पुढे याच पुत्राशी त्या सत्तेचे किती बिनसले, ते वेगळ्या पत्रात लिहीन. या सर्व पदव्यांची सरकारी मान्यता 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपली.

तो पैसा चिंचेने घासून लख्ख करावा, असे तू लिहिले आहेस. कृपा करून तसे करू नकोस. 'खेल'मधला ल आधीच पुसट झाला आहे.

तुझे,
बाबा