बाबा, वाचनाला हो म्हणा

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

बाबा, आईने फोनवर सांगितलं की पाळकसाहेबांनी रविवारी शास्त्रवाचन कराल का म्हणून विचारलं आणि तुम्ही सरळ नाही म्हणून मोकळे झालात. कारण काय, तर दारुड्याच्या तोंडून देवाचं वचन ऐकताना लोकांना कसं वाटेल. अहो, दारू सोडून किती वर्षं झाली, आणि तुम्ही अजून स्वतःचं नाव तेच सांगताय! हे फोनवर बोलायला गेले असते तर मध्येच चिडले असते नाहीतर रडले असते, म्हणून टाइप करत बसलेय. आई वाचून दाखवेलच, आणि आई, तुझ्याबद्दल लिहिलेलं गाळू नकोस हं, मी नंतर विचारणार आहे.

आधी एक सांगते. तुम्ही चर्चला जायला लागलात, प्रार्थनेत रडायला लागलात, तेव्हा मला ते अजिबात पटलं नव्हतं. वाटायचं, आम्ही एवढी वर्षं सोसलं आणि ह्यांनी एका प्रार्थनेत सगळं मिटवून टाकलं, बरंय की. मग तुम्ही ज्यांचे पैसे बुडवले होते त्यांच्या दारात एकेक करून जायला लागलात, काहींनी आत पण घेतलं नाही तरी गेलात, तेव्हा कुठे मला बायबलमधल्या जक्कयाची गोष्ट कळली, लोकांना लुबाडणारा तो जकातदार, येशूला बघायला झाडावर चढलेला. फसवून घेतलेलं परत करायचं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, एवढंच मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयमध्ये सांगितलंय, आणि हा माणूस चौपट देतो म्हणतो, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. पण येशू त्याच्या घरी उतरतो म्हणाला ते या सगळ्याच्या आधी! झाडावर होता तेव्हाच. म्हणजे आधी हिशेब चुकता कर मग मी येतो असं नव्हतंच, तो आला म्हणून याला हिशेब चुकता करावासा वाटला. तुमचंही तसंच झालं ना? मग आता उलटं का करताय, सगळं फिटल्याशिवाय पुढे उभं राहायचं नाही असं का ठरवलंत?

आणि येशूच्या शिष्याचं, पेत्राचं बघा. येशूला धरून नेलं त्या रात्री मी त्याला ओळखत नाही म्हणून त्याने तीनदा नाकारलं हे चारही शुभवर्तमानांत आहे, एकानेही झाकलं नाही. तो मंडळीचा एवढा मोठा माणूस, त्याची सगळ्यात लाजिरवाणी रात्र लिहून ठेवली आणि आपण अजून ती दरवर्षी वाचतो. योहानाने तर विस्तव कोळशाचा होता हे पण सांगितलंय, नाकारताना पेत्र त्यावरच शेकत होता. पुढे पुनरुत्थानानंतर समुद्राच्या काठावर येशूने न्याहारी तयार ठेवलीये, तिथेही कोळशाचाच विस्तव. मला वाटतं पेत्राच्या पोटात गोळा आला असेल ते बघून. तिथे येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का, तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं असंही लिहिलंय. म्हणजे दुखलं. पण त्या रात्री असं का वागलास हे एकदाही नाही, आणि दरवेळी हातात काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ. पेत्र काही म्हणाला नाही की नको प्रभू, लोक काय म्हणतील. तुम्हाला तर नुसता एक अध्याय वाचायला सांगितलाय हो.

आता वय झालं, आता काय उपयोग, हे तुमचं दुसरं पालुपद. जॉन न्यूटन माहितीये ना, गुलामांच्या जहाजांवरचा. १७४८ मध्ये वादळात सापडून त्याने देवाचा धावा केला, आपण साक्ष सांगताना इथेच थांबतो. पण त्यानंतरही १७५४ पर्यंत तो तोच धंदा करत होता, कॅप्टन म्हणून, आणि सुटला तो तब्येत बिघडली म्हणून! १७६४ मध्ये पाळक झाला आणि तरी गुलामगिरीविरुद्ध उघडपणे लिहिलं ते १७८८ मध्ये, साठी उलटल्यावर, आणि त्यात आपण स्वतः काय केलं, काय बघितलं ते सांगितलं. कायदा करायला निघालेल्या लोकांना त्याची साक्ष कामाला आली ती तो त्यातला होता म्हणूनच. १८०७ मध्ये ब्रिटिशांनी तो व्यापार बंद केला, त्याच वर्षाच्या शेवटी तो वारला. त्याचा एवढा उशीर मला अजूनही खटकतो, खटकायलाच हवा, त्या काळात किती माणसं विकली गेली. पण उशीर झाला म्हणून गप्प बसला असता तर कुणाचं भलं झालं असतं?

आई, आता तू. तू अजूनही लोकांना सांगतेस की तेव्हा यांची तब्येत बरी नसायची. नको सांगूस गं. देवाने बाबांना माफ केलं म्हणजे तुझं काही दुखलंच नव्हतं असं होत नाही. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला मारवलं, त्यालाही क्षमा मिळाली पण नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावल्यावर, आणि त्याच्या घरात पुढे जे व्हायचं ते झालंच. तुला राग आला तर ये, स्तोत्रांमध्ये केवढा राग भरलाय, तोही प्रार्थनाच आहे. बाबा ऐकून घेतील, आता त्यांच्यात तेवढी ताकद आलीये.

राहिला दादा. बाबा, त्याला माझ्यामार्फत निरोप पाठवू नका, आणि "बायबल म्हणतं क्षमा करावी" हे तर त्याला कुणीच ऐकवू नका प्लीज. उधळ्या मुलाच्या गोष्टीत बाप रुसून बाहेर राहिलेल्या मोठ्या मुलासाठी पण बाहेर अंगणात येतो, समजूत घालतो, पण मोठा आत गेला की नाही ते येशूने सांगितलेलंच नाही. तुम्ही त्याला स्वतः पत्र लिहा, काय काय केलंत ते स्पष्ट लिहा, गोलगोल नको, आणि उत्तर मागू नका. तो वर्षभर काही बोलला नाही तरी चालेल असं मनाशी धरूनच लिहा.

आणि पाळकसाहेबांना आजच फोन करा. कुठला भाग वाचायचा ते तुम्हीच निवडा, योहान २१, तोच न्याहारीचा भाग, घेतलात तर मला आवडेल. अक्षर दिसत नसेल तर मोठ्या टाइपचं बायबल मागवून देते, पत्ता आईने पाठवायचा.

तुमची,
लेक